भाडेकरूंनी राखलेलं सभागृह

आमच्या विणकर संघाचं सभागृह सोलापूरच्या साखर पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी आहे. खाली शहाबादी फरशी, वर सागवानी तुळया, भिंतीवर हार घातलेल्या तसबिरींची रांग. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली फिरवताना दार खांद्यानं थोडं उचलावं लागतं. पावसाळ्यात तिसऱ्या तुळईखाली बादली असते. शेजारच्या मागांची खटखट थांबली की बादलीतली टपटप जास्तच ऐकू येते.

गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढं एक प्रस्ताव आला. एका पार्टीला चादरी-टॉवेलच्या शोरूमसाठी तळमजला हवा होता. करार तीस वर्षांचा, छपराचा सगळा खर्च त्यांचा, वर महिन्याला भाडं. झालं, दोन तट पडले. जुन्या मंडळींचं म्हणणं असं, की आजोबांच्या पिढीनं सुताच्या गाठीमागं पैसा पैसा काढून ही वास्तू उभी केली. तिथं दुकान थाटलं तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथापुढं तोंड कसं दाखवायचं? तरुणांचं म्हणणं, वर्षाला चार बैठका होतात, त्यातल्या दोन कोरमअभावी तहकूब. एवढ्यासाठी छप्पर गळतं ठेवायचं का? हिशेबाच्या वह्या माझ्याकडं असतात, म्हणून "दुसरीकडं कुणी काय केलंय ते बघून टिपण द्या" असं माझ्या गळ्यात पडलं. मी फिलाडेल्फियाच्या सुतारांचं सभागृह निवडलं.

"काय ओ, अमेरिकेतले सुतार आणि आपण विणकर. मेळ कुठं बसतो?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, त्यांच्याकडं पण सभागृह होतं आणि पैसा नव्हता."

"मग बसतो," अण्णा म्हणाले आणि चहा मागवला.

हे ते टिपण. वाचताना वेळेअभावी गाळलेलं इथं परत घातलंय.

दरपुस्तक

फिलाडेल्फियातली 'कार्पेंटर्स कंपनी' १७२४ साली सुरू झाली, म्हणजे तिथं इंग्रजांचं राज्य असताना. कंपनी या शब्दानं फसायला नको. भागभांडवलाची कंपनी नव्हे, ही कारागिरांची श्रेणी, म्हणजे एकाच धंद्यातल्यांचा संघ होती, लंडनच्या जुन्या सुतार-श्रेणीच्या वळणावर घातलेली. सभासदही नुसते रंधा मारणारे नव्हते. इमारतीचा आराखडा काढायचा, खर्चाचा अंदाज बांधायचा, गवंडी-लोहार-मजूर लावायचे आणि काम पुरं करून किल्ली हातात द्यायची, हे सगळं तेच करत. आजचे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कंत्राटदार एकाच टोपीखाली. एकमेकांना बांधकामाचं शास्त्र शिकवणं आणि अपघात झालेला सभासद किंवा मेलेल्याची बायकापोरं यांना हात देणं, हे दोन उद्देश त्यांनी लिहून ठेवले होते. तिसरा उद्देश दर सांभाळण्याचा, आणि पोटापाण्याच्या दृष्टीनं तोच पहिला.

कोणत्या कामाचं माप कसं घ्यायचं आणि त्याला किती लावायचं याचं त्यांचं एक पुस्तक होतं, १७८६ साली छापलेलं. ते बाहेरच्याला दाखवायची बंदी होती, दाखवलं तर सभासदत्व जायचं. सभासद वारला की त्याच्या घरून पुस्तक परत आणायचा रिवाज होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले थॉमस जेफरसन यांना स्वतःला वास्तुकलेचा मोठा नाद. त्यांनी मागितलं, त्यांनाही मिळालं नाही. आमच्याकडं मजुरीचा नवा दर ठरायच्या आधी कन्ना चौकातल्या टपरीवर कळतो, त्यामुळं हा भाग वाचला तेव्हा कार्यकारिणीत बराच वेळ हशा चालला. पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. श्रेणीची खरी मिळकत तिचं दरपुस्तक असतं. सभागृह नंतर येतं आणि दरपुस्तक गेल्यावरही उरतं. मग त्याचं करायचं काय, हा प्रश्न तिथंच जन्मतो.

पन्नास फूट

पहिली चाळीसेक वर्षं त्यांच्या बैठका खानावळी-दारूगुत्त्यांतून भरत. १७६८ साली त्यांनी चेस्टनट स्ट्रीटलगत जागा घेतली. रोख पैसे मोजून नव्हे. वर्षाला १७६ स्पॅनिश चांदीच्या नाण्यांची जमीनपट्टी भरायच्या बोलीवर. आराखडा त्यांच्यातल्याच रॉबर्ट स्मिथचा. हा स्कॉटलंडहून आलेला, गावातला सगळ्यात नावाजलेला बांधणारा. काम १७७० मध्ये सुरू झालं आणि जानेवारी १७७१ मध्ये अर्धवट इमारतीतच पहिली बैठक भरली.

इमारत लहान आहे. पन्नास फुटांचा चौरस घ्या, त्याच्या चारही कोपऱ्यांतून दहा-दहा फुटांचा चौकोन कापून टाका. उरतो तो अधिकच्या चिन्हाचा आकार. त्यावर विटांचे दोन मजले आणि माथ्यावर छोटी घुमटी. आमच्या एका सभासदानं लगेच खिशातून पेन काढून हिशेब केला: अडीच हजारातून चारशे गेले, राहिले एकवीसशे चौरस फूट. "आपल्या जेकार्डचे किती माग बसतील?" पुढं तो आकडा सांगायला लागला, त्याला थांबवावं लागलं.

पैसा सभासदांच्या वर्गणीतून येत होता आणि तो पुरत नव्हता. किरकोळ कामं पुढं कित्येक वर्षं रेंगाळली. गावभरच्या इमारती बांधणाऱ्यांची स्वतःची इमारत अपुरी! ज्या विणकराच्या घरात पोराला सणाला नवा सदरा नसतो, त्याला यात नवल वाटणार नाही.

पहिला भाडेकरू

इमारत पुरी व्हायच्या आत, १७७३ मध्ये, वरचा मजला भाड्यानं गेला. घेणारं होतं बेंजामिन फ्रँकलिननं १७३१ मध्ये काढलेलं वाचनालय. आणि इथं या प्रकरणातली सर्वांत मजेशीर गाठ आहे.

सप्टेंबर १७७४ मध्ये इंग्रजांच्या अमेरिकेतल्या बारा वसाहतींचे प्रतिनिधी, इंग्रज सरकारविरुद्ध काय करायचं ते ठरवायला, फिलाडेल्फियात जमले. जॉर्जियानं कुणाला पाठवलं नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विधिमंडळाचा अध्यक्ष जोसेफ गॅलोवे यानं त्यांना सरकारी वास्तू देऊ केली होती. तो नरमाईनं घेणारा, इंग्रजांशी तुटू नये या मताचा. ५ सप्टेंबरला सकाळी दहाला प्रतिनिधी सिटी टॅव्हर्नमध्ये जमले, चालत सुतारांच्या सभागृहापर्यंत गेले, खालची खोली बघितली, वरचं वाचनालय बघितलं आणि इथंच बसायचं ठरवून टाकलं. त्यांच्यातल्या जॉन अॅडम्सनं रोजनिशीत त्या उत्तम ग्रंथसंग्रहाची नोंद केली आहे. म्हणजे भाडेकरूची पुस्तकंही त्या दिवशी जागेच्या बाजूनं होती. गॅलोवेला हे झोंबलं. जागेच्या निवडीतूनच कारागीर कुणाच्या बाजूनं आहेत ते कळलं होतं.

बैठका २६ ऑक्टोबरपर्यंत चालल्या, दारं बंद करून. त्यातून निघालेला ठराव बहिष्काराचा होता: १ डिसेंबर १७७४ पासून इंग्लंडचा माल आणायचा नाही, वापरायचा नाही, आणि प्रत्येक गावात समिती नेमून कोण मोडतो त्यावर नजर ठेवायची. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि शिंदे फासावर गेले. परदेशी मालाचा प्रश्न या गावात कापडाच्या दुकानापुरता कधीच नव्हता.

त्या सात आठवड्यांपायी ही इमारत जगभर माहीत आहे. पर्यटकांना दाखवतात तेही एवढंच. माझ्या टिपणाचा विषय मात्र त्यानंतरची त्र्याऐंशी वर्षं.

कुलूप कुणी उघडलं

देश स्वतंत्र झाला, फिलाडेल्फिया काही काळ राजधानी झाली आणि जागांना भाव आला. १७९१ मध्ये सुतारांनी सभागृह 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ला भाड्यानं दिलं. मग स्वतःला बसायला जागा उरली नाही, म्हणून त्याच आवारात दुसरी, लहान इमारत बांधली. आणि तीही युद्धखात्याला भाड्यानं गेली! हे वाचून दाखवलं तेव्हा तरुण गटानं बाकं वाजवली.

१७९७ मध्ये ती बँक आपल्या नव्या इमारतीत गेली आणि पाठोपाठ 'बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया' इथं आली. १७९८ च्या उन्हाळ्यात गावात पीतज्वराची साथ होती; ज्याला जमलं तो गाव सोडून गेला होता. ३१ ऑगस्टच्या रात्री तिजोरीच्या खोलीतून १,६२,८२१ डॉलर गेले. कुलूप मोडलेलं नव्हतं, दाराला ओरखडा नव्हता. मग संशय कुणावर? ज्यानं ती लोखंडी दारं आणि कुलपं केली त्या पॅट्रिक लायनवर. हा लोहार. साथीच्या भीतीनं आपल्या शिकाऊ पोराला घेऊन डेलावेअरमध्ये गेला होता आणि पोर तिथंच तापानं दगावलं होतं. आपल्यावर आळ आल्याचं कळल्यावर तो आपणहून परत आला. तरी त्याला वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात टाकलं आणि जामीन मागितला दीड लाख डॉलर. तो तुरुंगही रॉबर्ट स्मिथच्याच आराखड्यातला.

खरा चोर होता आयझॅक डेव्हिस. सुतार, कंपनीचा सभासद. बँकेच्या पहारेकऱ्याला हाताशी धरून त्यानं काम केलं. पहारेकरी साथीत मेला. डेव्हिसनं चोरलेली रक्कम गावातल्या बँकांत भरली, आणि त्यांत ज्या बँकेतून चोरली तीही होती. एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न यायला वेळ लागला नाही. त्यानं कबुली दिली, बरीचशी रक्कम परत केली आणि तो सुटला. लायन मात्र कबुलीनंतरही लगेच सुटला नाही. त्यानं पुढं दावा लावला. १८०५ मध्ये पंचांनी १२,००० डॉलर देववले आणि शेवटी ९,००० वर तडजोड झाली.

लायन पुढं चांगला पैसेवाला झाला. त्यानं स्वतःचं मोठं चित्र काढून घेतलं, पण शेटजीसारखं नको म्हणाला. चित्रात तो भट्टीपाशी उभा आहे, बाह्या वर सारलेल्या, पोटाला चामडं बांधलेलं, आणि मागच्या खिडकीतून तुरुंगाचा कळस दिसतो.

ही चोरी मी टिपणात मुद्दाम सविस्तर घेतली. आमच्याकडं कुणी बाहेरचा जागेत यायचा म्हटलं की पहिली शंका "पार्टी कशी आहे?" ही असते. आपल्यातलाच कुणी ताळेबंदाच्या आत हात घालील, हे कुणी बोलत नाही. आमच्या कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी दुसरी कुणाकडं आहे हे मी त्या दिवशी विचारलं. एकदम शांतता झाली आणि बादलीचा आवाज आला.

लिलावाच्या पाट्या

पुढचे भाडेकरू भराभर सांगतो. १८०२ पासून १८१७ पर्यंत जकातखातं. मग दुसरी 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स', तिची स्वतःची इमारत होईतो. मग एक संगीत संस्था, एक तंत्रशिक्षण संस्था, काही काळ एक धर्मपंथ. आणि १८२८ पासून लिलाववाला. जुनी कपाटं, घोडे, खाटा, जे येईल त्याचा पुकारा, जवळजवळ तीस वर्षं. १८४० च्या दशकाच्या अखेरीला एक इतिहासकार मोठ्या भक्तिभावानं ती खोली बघायला गेला, तर दर्शनी भिंत लिलावाच्या पाट्यांनी झाकलेली आणि आत पुकारा चाललेला. त्यानं त्यावर संतापून लिहिलं.

आमच्या जुन्या मंडळींनी इथं मान डोलावली. मला त्या इतिहासकाराचा राग समजतो, पटत नाही. त्याच फिलाडेल्फियात त्याच काळात कितीतरी जुन्या वास्तू पाडून गोदामं उठली. ही पडली नाही, कारण ती दरवर्षी काहीतरी कमावत होती. छपराला पैसा लागतो आणि तो लिलाववाल्याकडून येत होता. ज्यांनी तिला 'मंदिर' म्हटलं त्यांच्यापैकी कुणी एक कौल बदलून दिल्याचं मला तरी वाचायला मिळालं नाही.

सुतारांनी दोन गोष्टी केल्या नाहीत. जागा विकली नाही. आणि कुठल्याच भाडेकरूला इतकं मुरू दिलं नाही की त्याला उठवता येऊ नये. म्हणूनच १८५७ मध्ये (आपल्याकडं तेव्हा मेरठ-दिल्ली पेटलेली) त्यांना लिलाववाल्याला निरोप देता आला. त्यांनी इमारत ताब्यात घेतली, डागडुजी केली, १७७४ च्या बैठकीतल्या जपून ठेवलेल्या खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यांसाठी दार उघडलं. एव्हाना दरपुस्तकाचा धाक ओसरला होता. बांधकामाचे दर बाजार ठरवू लागला होता. श्रेणीचं मूळ काम गेलं, इमारत राहिली, आणि मग इमारत राखणं हेच श्रेणीचं काम झालं.

आजही मालकी त्यांचीच आहे. सभोवती १९४८ पासून राष्ट्रीय उद्यान झालंय, सरकारी जागेच्या मधोमध हा खासगी तुकडा तसाच आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. २०२२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तळघरात कुणीतरी आग लावली, पाण्याच्या फवाऱ्यांमुळं ती वर गेली नाही, आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होऊन सभागृह परत उघडलं.

मुद्दल आणि व्याज

"हे सगळं तिकडचं," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं असलं काही?"

आहे, आणि फिलाडेल्फियाच्या सोळाएकशे वर्षं आधीचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यावर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेण्यातल्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्यानं तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन गावच्या श्रेण्यांकडं ठेवले. कुठल्या श्रेण्या? विणकरांच्या! दोन हजार एका श्रेणीकडं, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. आणि अट अशी, की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी'.

हा शब्द उच्चारल्यावर बैठकीचा नूर बदलला. एक तर राजाच्या जावयानं पैसा ठेवायला विणकर निवडले होते, हे सगळ्यांनाच सुखावलं. दुसरं म्हणजे भांडण एकदम नीट मांडता आलं. जागा मुद्दल, भाडं व्याज. भाडं घेण्यात बाट लागत नाही. मुद्दल हललं की संपलं. गिरणगावच्या माणसाला हे उदाहरणानं सांगावं लागत नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आवारात आज काय आहे, ते रोज बघतोच आपण.

मग तीस वर्षं हे व्याज की मुद्दल? माझं मत टिपणात स्पष्ट लिहिलंय: तीस वर्षं म्हणजे मुद्दल. आज सही करणाऱ्यांपैकी करार संपताना किती जण हयात असतील, ते मोजायला बोटं पुरतील. शिवाय आमचा संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला आहे. १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला करार टिकत नाही. हे कार्यकारिणीत तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातले दोघे प्रस्तावाच्या बाजूचे.

मी सुचवलं ते असं: तळमजल्याचा पुढचा भाग द्यावा, पण तीन वर्षांच्या आतल्या मुदतीनं, सभेची खोली, तसबिरी आणि कपाट कराराबाहेर, छपराचा खर्च भाड्यातून वळता करावा, आणि पाटी दर्शनी भिंतीवर नको, कमानीच्या आत. लिलाववाल्याच्या पाट्यांवरून एवढं तरी शिकायला हरकत नाही.

पार्टीनं तीन वर्षांसाठी छप्पर करायला नकार दिला. बरोबरच आहे, त्यांच्या जागी मीही दिला असता. आता वर्गणीतून पत्रे घालायचे आणि जागा सुताच्या गोदामाला द्यायची, असं चाललंय. जुन्या मंडळींना गोदाम चालतं. सूत ठेवलेलं दुकान नसतं म्हणे.

करारासाठी सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढलं. त्यावर अजून तीन पंचांची नावं आहेत. तिघेही भिंतीवर, हारासकट. वारस नोंद नव्हे, न्यासाची नोंद लागते, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं आणि मूळ खरेदीखत मागितलं. ते लोखंडी कपाटात असायला हवं. खालचा कप्पा उघडत नाहीये, आणि दुसरी किल्ली अजून कुणी आणून दिलेली नाही.